घरगल्लीचं दार

ती घटना आजही आठवली की मला आधी हायसं वाटतं. पोलीस खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला असं म्हणता येईल अशी प्रकरणं फार थोडी असतात. बाकीची आठवली की रक्तदाबाची गोळी शोधावी लागते. ही एक तेवढी मी कुणालाही आनंदाने सांगतो, पण घरात जेवताना सांगायला मला बंदी आहे, कारण विषय संडासाचा आहे. म्हणून लिहून काढतो.

त्या वेळी मी लालबाग-परळ भागातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. गणपतीचा बंदोबस्त नुकताच संपला होता. निम्मा स्टाफ रजेवर गेला होता आणि उरलेला जांभया देत होता. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. बोलणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं नाही. चाळीचं तेवढं सांगितलं आणि म्हणाला, "आमच्या टाकीत औषध टाकलंय. निम्मी चाळ हॉस्पिटलात आहे. बाई कोण ते पण सगळ्यांना माहितीये. लवकर या, नायतर पोरं तिला जिती सोडणार नाहीत."

निनावी फोन बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या भांडणातले असतात, हा माझा अनुभव. पण पाठोपाठ जवळच्या इस्पितळात ड्यूटीवर असलेल्या आमच्या हवालदाराचाही फोन आला. त्याच चाळीतले उलट्या-जुलाबाचे रुग्ण रात्रीपासून येत होते आणि एक आठ-नऊ वर्षांची मुलगी अतिदक्षता विभागात होती. मी हजेरी तिथेच आटोपली, स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली आणि हाताला लागतील तेवढी माणसं घेऊन निघालो.

चाळ गिरण्यांच्या काळातली, चार मजली. कोकणातली बरीच कुटुंबं, काही बौद्ध कुटुंबं, आणि सगळी एकमेकांच्या लग्नांत वाढप्याचं काम करून एक झालेली. पुनर्विकासाची बोलणी दोन-तीन वर्षं चालू होती. आम्ही पोचलो तेव्हा खालच्या चौकात ही गर्दी. जिन्याच्या तोंडाशी एक पन्नाशीची बाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा नवरा हात पसरून तिच्यापुढे उभा होता. त्याच्या शर्टाची बाही फाटली होती. म्हणजे सुरुवात झालीच होती.

चाळीचे सेक्रेटरी पुढे आले. हातात रुमाल, आवाजात भाषण. "साहेब, आमची चाळ सुशिक्षित आहे. इथे असले प्रकार कधी झाले नाहीत. पण आता पुरावाच आहे म्हटल्यावर..."

पुरावा तीन बाजूंनी होता, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला तो चांगलाच भक्कम होता. एक तर त्या बाईच्या शेजारणीने आदल्या दिवशी पहाटे तिला टाकीजवळ पाहिलं होतं. येताना पदराखाली पुडकं होतं, परतताना नव्हतं, आणि जाण्याआधी तिने टाकीच्या नळावर हात घासून घासून धुतले होते. दुसरं म्हणजे अख्ख्या मजल्यावर घरटी एक माणूस आजारी आणि हिच्या घरात मात्र सगळे ठणठणीत. आणि तिसरं, पुनर्विकासाला संमती न देणारं चाळीतलं हे एकच घर. त्यावरून गणपतीतच तिचं आणि चाळकऱ्यांचं जोरदार वाजलं होतं. "आम्हाला घर मिळू नये म्हणून आमच्या पोरांवर उठली," असं गर्दीतून कोणीतरी ओरडलं आणि लोक पुन्हा पुढे सरकले.

ती शेजारीण म्हणजे अतिदक्षता विभागातल्या मुलीची आई. ती तिथे नव्हती, इस्पितळात मुलीच्या उशाशी होती. तिने हे सगळं पहाटे आपल्या दिराला सांगितलं आणि दिराने चाळीला.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच करावी, असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या दिवशी तिला घरी ठेवलं असतं तर चौकशीला बाई उरली नसती. नवऱ्याची आणि तिची संमती घेतली, दोघांनाही गाडीत बसवलं आणि ठाण्यात आणलं. डायरीत लिहिलं, 'स्वतःच्या सुरक्षिततेसाठी.' अटक दाखवली नाही. टाकीच्या नळावरून पाण्याचे नमुने पंचांसमक्ष सीलबंद करून प्रयोगशाळेकडे रवाना केले. पण अहवाल यायला वेळ लागतो आणि जमावाला तेवढा धीर नसतो. डॉक्टर म्हणत होते, लक्षणं गॅस्ट्रोची दिसतात, पण तपासणीशिवाय लिहून देणार नाही. त्यांचंही बरोबर होतं. मुलीला काही झालं असतं तर मात्र माझ्यासमोर खुनाचं कलम आणि एक आयता संशयित होता.

चौकशी आमच्या महिला उपनिरीक्षकांनी केली, मी बाजूला बसलो होतो. बाई सगळ्याची नीट उत्तरं देत होती. नवरा शिवडीला गोदामात कामाला, मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी, घरात अंथरुणाला खिळलेले सासरे.

"संमती का नाही दिली?"

"सासऱ्यांना हलवता येत नाही, मॅडम. बिल्डर लांब ट्रान्झिट कॅम्पात पाठवणार. तिथे त्यांचं कोण बघणार? ते म्हणतात, मी गेल्यावर काय ते करा."

"तुमच्या घरात कोणीच कसं आजारी नाही?"

"सासऱ्यांसाठी पाणी उकळते. मग सगळ्यांसाठी तेच."

"पहाटे टाकीजवळ कशाला गेला होतात?"

"हात धुवायला."

"चौथ्या मजल्यावरून खाली, हात धुवायला?"

बाईने पदर सावरला.

"पदराखाली काय होतं?"

नवऱ्याने मान खाली घातली. उपनिरीक्षकांनी आवाज जरा चढवला. "ताई, ती मुलगी सिरियस आहे. समजतंय का?"

तेव्हा तिचे डोळे भरून आले. "ती पोर माझ्या मांडीवर वाढलीय, मॅडम. तिची आई कामावर जायची तेव्हा मी भरवायची तिला. मी तिच्या पाण्यात काय टाकीन?"

"मग सांगा ना पुडक्यात काय होतं."

"ते नाय सांगणार. पायजे तर मला आत टाका."

बाहेर आल्यावर उपनिरीक्षक म्हणाल्या, "सर, ही बाई घाबरलेली नाहीये. लाजलेली आहे."

मी वैतागून म्हटलं, "लाजून कोणी टाकीत विष घालतं का?" पण शब्द डोक्यात राहिला. माझ्या उभ्या नोकरीत संशयित तीन कारणांनी गप्प बसलेले पाहिले आहेत. स्वतःला वाचवायला, दुसऱ्याला वाचवायला, आणि वकिलाने सांगितलं म्हणून. ही वकिलाचं नाव काढत नव्हती आणि स्वतःला वाचवण्याची तर तिला फिकीरच नव्हती.

दुपारी मी पुन्हा चाळीत गेलो, स्थळ पंचनाम्याला. टाकी मागच्या बाजूला, जमिनीखाली. झाकणाला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे. कुलूप शाबूत होतं. म्हणजे बाईने झाकण उघडलंच नव्हतं. हे सकाळी कुणीच बोललं नव्हतं. मी सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "फटीतून टाकलं असेल." मी म्हटलं, "पुडकं?" त्यावर ते रुमालाची घडी करत बसले.

टाकीच्या शेजारीच एक गंजलेलं पत्र्याचं दार होतं.

"हे कुठलं?"

"घरगल्ली, साहेब. बंदच असते."

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दोन जुन्या इमारतींच्या पाठी एकमेकींकडे असतात आणि मध्ये सांडपाण्याच्या नळांसाठी एक अरुंद पट्टी सोडलेली असते, तिला घरगल्ली म्हणतात. मी दाराकडे पाऊल टाकलं, तसे माझे दोन्ही पंच जागच्या जागी थांबले. एकाला फोन आला. दुसऱ्याला आठवलं की त्याची चप्पल तुटली आहे. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, आत कशाला? तिथे काय नाय."

जिथे काही नाही तिथे जायला माणूस एवढा अडवत नाही. पण मी आधी वेगळंच विचारलं. प्रत्येक मजल्याच्या टोकाला संडासाचा भाग होता, त्याला बांबूचे टेकू लावलेले आणि दारांना फळ्या ठोकलेल्या दिसत होत्या.

"हे बंद कधीपासून?"

"झाले काही महिने. स्लॅब कोसळायला आला होता."

"दुरुस्त का नाही केला?"

"आता नवीन बिल्डिंगच होणार साहेब, जुन्यावर कशाला घालवायचे?"

पुनर्विकासाच्या आशेवर बसलेल्या कितीतरी चाळींत मी हे वाक्य ऐकलं आहे. नळ गळतो, जिना हलतो, पण नवीन इमारत येणार म्हणून खिळासुद्धा ठोकायचा नाही. आणि नवीन इमारत येते तेव्हा येते.

"मग जाता कुठे?"

"कोपऱ्यावर. बिल्डरने फिरता संडास दिलाय."

मी तिथे उभ्या असलेल्या चार-पाच जणांना एकेकटं गाठून विचारलं. म्हातारी, तरुण, बाई, बुवा, सगळ्यांनी एकच सांगितलं. "कोपऱ्यावरच्या फिरत्या संडासात." शब्दसुद्धा तेच. मी कोपऱ्यावर गेलो. तो डबा उभा होता खरा. दाराच्या कडीवर कोळ्याने घर केलं होतं. आत पाण्याचा नळ होता, त्याला नळी जोडलेलीच नव्हती. भांडं कोरडं ठणठणीत. दिव्याचा पत्ता नाही. तिथे कित्येक आठवडे कोणी बसलेलं नव्हतं.

एक माणूस खोटं बोलला तर त्याने काहीतरी केलेलं असतं. अख्खी चाळ एकाच शब्दांत खोटं बोलते तेव्हा भानगड वेगळी असते. उपनिरीक्षकांचा शब्द मला तिथे, त्या कोरड्या भांड्यासमोर, कळला.

परत येऊन मी घरगल्लीचं दार स्वतः ढकललं. आतलं वर्णन करत नाही, वाचक जेवलेला असेल किंवा जेवणार असेल. एवढंच सांगतो की एका घराची ती करणी नव्हती. वर्तमानपत्रात बांधलेली पुडकी होती, प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या आणि उघड्यावर बसल्याच्याही खुणा होत्या. पावसाचं पाणी साचून सगळ्याचा चिखल झाला होता. आणि त्या चिखलातून, भिंतीच्या कडेने, चाळीच्या टाकीकडे जाणारा पिण्याच्या पाण्याचा नळ गेला होता. तोही चाळीइतकाच जुना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आम्ही विष शोधत होतो.

पण मला कळून भागणार नव्हतं. बाईच्या पुडक्यात काय होतं हे कुणीतरी जबाबात सांगायला हवं होतं, आणि चाळीला पटायला हवं होतं. मी चौथ्या मजल्यावर तिच्या घरी गेलो. सासरे एकटेच पडलेले. चाळीत त्यांना सगळे बुवा म्हणत. एके काळी त्यांचं भजनी मंडळ गिरणगावात गाजलेलं होतं, अजूनही एकादशीला लोक त्यांच्या पाया पडायला येत. आज सकाळपासून त्यांच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. खोलीत वास होता आणि त्या वासाची त्यांनाच लाज वाटत होती. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"सून खंय असा माझी?"

मी स्टूल ओढून बसलो आणि सगळं सरळ सांगितलं. तिच्यावर काय आळ आला आहे, ती काय सांगते आणि काय सांगत नाही. म्हातारा छताकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "माका भायर न्हेवा. ग्यालरीत."

"बुवा, इथेच सांगा, मी लिहून घेतो."

"तुमका सांगान काय उपयोग? ज्यांका सांगाचा ते भायर आसत."

दोन शिपायांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून गॅलरीत आणलं. चौकातल्या लोकांनी माना वर केल्या, इतर मजल्यांच्या कठड्यांशी माणसं आली. अंगाचं चिपाड झालेलं, पण आवाज भजनातलाच राहिला होता.

"आयका रे सगळे," बुवा म्हणाले. "माका आता उठाक होना नाय. माझा गू माझी सून काढता. संडास बंद, तर ती तरी टाकतली खंय? कागदात बांधता, पदराखाली लपयता आणि घरगल्लीत नेऊन टाकता. काळोखात जाता, कित्याक तर बुवाचा असा झाला म्हणान तुमका कळाक नको. त्यापायी ती पोलिसांकडे गप ऱ्हवली." त्यांना धाप लागली. शिपायाने पाठीला हात लावला, तो त्यांनी झटकला. "लाज माझी, मगे जेल तिका कित्याक?"

सेक्रेटरी पायातल्या चपलांकडे बघत होते. मला वाटलं आता हे असंच विरून जाणार, लोक दारं लावून घेणार. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही आपली जुनी खोड.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून एक बाई म्हणाली, "आमच्याकडे पण तेच, साहेब. पोरांना मीच बसवते तिथे. कोपऱ्यावर ना पाणी ना लाइट, कसं पाठवू?"

"आमची आई पण तिथेच जाते," दुसरा आवाज आला.

"मला वाटलं आम्हीच एकटे," कोणीतरी म्हणालं, आणि या वाक्यावर सगळ्या कठड्यांवरून माना हलल्या. प्रत्येक घराला वाटत होतं की आपणच तेवढे. बाकीची चाळ कोपऱ्यावर जाते. म्हणून प्रत्येक जण काळोखाची वेळ गाठून, दुसऱ्याची चाहूल घेऊन, चोरासारखा जात होता आणि कोपऱ्यावरच्या डब्याची तक्रार मात्र कुणीच करत नव्हतं. तक्रार केली तर मग तुम्ही जाता कुठे, असं कोणी विचारलं असतं.

शेवटी सेक्रेटरींनी रुमाल खिशात घातला. "मी पण जातो, साहेब. पहाटे." खालून एक म्हातारी म्हणाली, "मेल्या, आणि वर नोटीस लावतोस, घरगल्लीत कचरा टाकू नये!" आणि त्या दिवशी पहिल्यांदा चाळ हसली. मीही हसलो. वर्दीत हसू नये असं कुठल्याही नियमावलीत नाही.

पुढचं काम भराभर झालं. पालिकेच्या पाणी खात्याचा इंजिनियर आला, नळाच्या आसपास खणलं तेव्हा दोन ठिकाणी नळ चाळणीसारखा झालेला निघाला. पाणी सकाळी ठरावीक वेळच येतं. बाकीचा दिवस नळ रिकामा असतो, तेव्हा बाहेरची घाण आत ओढली जाते, असं त्याने समजावून सांगितलं. जोडणी तिथल्या तिथे तोडली, टाकी उपसली, टँकर उभे केले. पाण्यात विष नव्हतं आणि मैला होता, हे अहवालाने नंतर सांगितलं. मला अहवालाची वाट पाहावी लागली नाही. बिल्डरला मी ठाण्यात बोलावून काय बोललो ते छापण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवशी चाळीच्या दारात पाणी आणि दिवा असलेले संडास उभे राहिले, आणि कमिटीने जुन्या संडासांच्या दुरुस्तीचं काम काढलं.

संध्याकाळी इस्पितळातून निरोप आला की मुलीने डोळे उघडले, पेज मागितली, डॉक्टर म्हणतात धोका टळला. ठाण्यात मी हे त्या बाईला सांगितलं तेव्हा ती हात जोडून नुसती बसून राहिली. मग बुवांनी गॅलरीत जे सांगितलं तेही सांगितलं. नवरा हुंदके देऊन रडला. ती रडली नाही.

तिला मीच घरी सोडायला निघालो. गाडीत ती म्हणाली, "साहेब, मग मीच ना ती? पोरीच्या पोटात गेलं ते मी टाकलेलंच ना?"

मी म्हटलं, "ताई, कोणाचं कोणाच्या पोटात गेलं हे कुठलीच प्रयोगशाळा सांगू शकत नाही. सगळ्यांचं होतं. आरोपी करायचा तर मला चारही मजले लॉकअपमध्ये घालावे लागतील, आणि तेवढी जागा आमच्याकडे नाही." तिच्या चेहऱ्यावर हसू उमटलं नाही, पण खांदे जरा सैल झाले.

चाळीच्या चौकात लोक उभे होते. त्यांनी वाट करून दिली. काही बायकांनी तिच्या दंडाला हात लावला. ती कुणाकडे न बघता जिना चढून वर गेली, मागोमाग तिचा नवरा आणि मी. तिला एकच घोर होता. सासऱ्यांचं सकाळपासून कोणी केलं नसेल.

दार उघडं होतं. आत शेजारीण होती. मुलीचा धोका टळल्यावर नणंदेला इस्पितळात बसवून ती तासाभरासाठी चाळीत आली होती, बुवांनी काय सांगितलं ते तिला चौकातच कळलं होतं, आणि आपल्या घरी न जाता ती इथे शिरली होती. बुवांचं अंग पुसून झालं होतं, चादर बदललेली होती, आणि मळकी चादर ती बादलीत घासत होती. या दोघींमध्ये आता काय होईल या भीतीने मी उंबऱ्यातच थांबलो.

"सरक, मी करते," ती बाई तिला म्हणाली.

"तू बस," शेजारीण मान वर न करता म्हणाली. "ठाण्यात कोणी काय खायला दिलं असेल नसेल. चहा ठेवलाय, आधी चहा घे." मग घासायची थांबली आणि तिचा आवाज फुटला. "पोरीने तुझं नाव घेतलं. काकी कुठाय म्हणाली."

मी खाली उतरलो. त्या जिन्यावर मला एवढं हलकं वाटलं की शेवटच्या पायऱ्या मी जवळजवळ पळतच उतरलो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. चोरी केलेला माणूस चार फटक्यांच्या भीतीने बोलतो, खून केलेलाही कधी ना कधी बोलतो. पण शौचाला आपण कुठे जातो हे सभ्य माणूस मरेपर्यंत सांगत नाही, आणि त्या न सांगण्यापायी शेजारचं पोर मरायची वेळ येते. रोग पसरतो तो घाणीतून हे खरंच, पण घाण साठते ती या गप्प बसण्यामुळे. म्हणून पुढे जिथे जिथे नेमणूक झाली तिथे वस्तीची पाहणी करताना मी दारूचे अड्डे नंतर विचारत असे. आधी विचारायचो, संडास कुठे आहे, त्यात पाणी आहे का, आणि खरं सांगा, तिथे जाता का? लोक आधी हसायचे, मग बोलायचे.

माझ्या नोकरीतली मोठी केस कोणती, असंही विचारतात. त्यांना टोळ्या ऐकायच्या असतात. मी मात्र ही सांगतो. यात अटक नाही, आरोपपत्र नाही, वर्तमानपत्रात फोटो नाही. एक मुलगी इस्पितळातून घरी आली आणि एक निरपराध बाई त्या रात्री लॉकअपमध्ये नाही, आपल्या स्वयंपाकघरात चहा प्यायली. एवढंच झालं, आणि एवढं पुरे होतं.